दोन्ही मुलाकडचे

१९ जुलै, बुधवार

केयूरनं सांगितलं. जेवताना सांगितलं! एवढा शिकलेला माझा नातू, पण वेळ कळत नाही. बिंदूच्या हातात भाताचा घास होता, तो तसाच पानात परत गेला. नीरजा वाढायला वाकली होती ती वाकलेलीच राहिली. लेक असा, सून अशी. मी एकटी जेवत होते, मी जेवले. अन्नानं काय केलंय?

म्हणाला, लग्न करणार नाही, मुली बघणं बंद करा. का? – तर बेंगळुरूला ज्याच्याबरोबर राहतो तो शेषू, तो नुसता रूम पार्टनर नाही. मग एक इंग्रजी शब्द बोलला. शब्द इंग्रजी, माणूस मद्राशी, आणि सांगतोय मराठीत. बिंदूला सगळं कळलं. मला तो शब्द सोडून बाकी कळलं.

बिंदू उठला. खरकट्या हातानंच उठला. जन्मभर शाळेत पोरांना संस्कृत शिकवलं – आज एक वाक्य सुचलं नाही.

२० जुलै

घरात सगळे मुके. भांडी तेवढी बोलतात – नीरजा आपटते.

शेषू मला नवीन नाही. हनुमान घाटाचा, आत्ता तोही सुटीवर घरी आलाय. तिकडे सगळे तमिळ ब्राह्मण, पिढ्यान् पिढ्या काशीतच, आमच्यासारखेच. घरात त्यांची भाषा, दाराबाहेर बनारसी. त्याचे वडील वेदपाठी, लोक लांबून वाकून नमस्कार करतात. दोघं पोरं कॉलेजात एकत्र होती. तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात बसून त्यानं माझी पुरणपोळी दह्याबरोबर खाल्ली होती. दह्याबरोबर! वर म्हणतो, "आजी, गजब!" तेव्हाच मी मनात म्हटलं होतं, हा पोरगा काहीही करू शकेल.

बिंदूला वाटतं मला काही समजलेलं नाही. सकाळी म्हणाला, "आई, तू यात पडू नकोस. तुला नाही कळायचं." मी चौथी शिकले, पण बैल नाही. जन्मभर माणसं बघतेय, तीही काशीत – इथे बघायचं काय राहतं?

मला कसं वाटलं? घाण वाटली. पहिल्यांदा तेच वाटलं. खोटं कशाला लिहू, वाचणार कोण आहे! मग वाटलं, पोरगं बारीक झालंय ते ह्याच काळजीनं का? मग परत घाण. मग भूक लागली.

२१ जुलै, शुक्रवार

नीरजा संकठामातेला गेली. नवस बोलली – पोराला पहिल्यासारखं कर. मी म्हटलं, अगं, तो म्हणतोय मी पहिल्यापासून असाच आहे. देवीनं तेच ऐकलं तर? रडायला लागली. "आई, तुम्हाला काही वाटतच नाही! घराण्याचं नाव बुडालं."

आमचं घराणं! आमच्या नावाचा काय भोसल्यांसारखा घाट आहे खाली, की वारस नसला तर पायऱ्या वाहून जातील? बालाजी घाटाच्या वर एका गल्लीत दोन खोल्या, एक माडी, आणि तुंबणारी मोरी. मोरी मात्र खरंच बुडते.

पण नंतर तिच्याजवळ जाऊन बसले. चवळीच्या शेंगा मोडून दिल्या.

२३ जुलै, रविवार

केयूर माडीवर एकटा बसला होता. चढले. गुडघे शिव्या देत होते.

म्हटलं, "दोघांत स्वयंपाक कोण करतं?"

बघतच राहिला. त्याला वाटलं असणार, आजी रडायला आलीये.

"पोळ्या मी. बाकी तो."

"पोळ्या तू! गोल होतात?"

"नाही."

"भांडता?"

"रोज."

"कशावरून?"

"तो भाताशिवाय जेवत नाही. मला रोज भात नको असतो." हसला. किती दिवसांनी दात दिसले पोराचे.

मग हसू गेलं. म्हणाला, "आजी, मला लग्नाचा तमाशा नकोय. पत्रिका नको, मांडव नको. शेषू या घरी आला तर बाबांनी त्याला बाहेरच्या खोलीत चहा पाजून वाटेला लावायचं नाही. माझा माणूस म्हणून आत बसवायचं. माझ्या शेजारी, आपल्या पंगतीत. एवढंही होणार नसेल तर सहा तारखेला जातो तो जातो. परत नाही येणार."

"आणि त्याच्या घरी?"

"तिकडे सगळ्यांना माहीत आहे. बोलत कोणी नाही."

म्हणजे तिकडे मुक्यानं चाललंय. आणि इथे हा बोलला तर सगळे मुके झाले.

धमकी देत नव्हता. धमक्या मी ओळखते, बिंदूच्या वडिलांनी जन्मभर दिल्या. हा खरंच जाईल. मग या घरात बिंदू नि नीरजा समोरासमोर बसून म्हातारी होतील, सणाला पुरण कोणासाठी घालायचं म्हणून घालणार नाहीत. मी काय, निघालेलीच आहे.

उतरताना त्यानं हात धरला. मी सोडवून घेतला. मला पडायचं नव्हतं, पण धरूनही उतरायचं नव्हतं.

२४ जुलै, सोमवार

इकडच्या लोकांचा सावन, त्यात सोमवार. गल्लीत गंगाजळाच्या कावडी घेतलेले काँवरिये, आरडाओरडा, चिखल. दार उघडलंच नाही. बरं झालं. कोणी काही विचारायला आलं नाही.

२५ जुलै

तांदूळ भिजत घातले.

केयूरची थोरली बहीण इरावती आणि तिचा नवरा सुमंत इंदूरहून रविवारी येणार. आपला अधिक महिना चाललाय. जावयाला जेवायला बोलवायचं, धोंडे करून घालायचे, तेहेतीस अनारसे ताटात मांडून दिव्यासकट वाण द्यायचं. या महिन्यात जावई म्हणजे विष्णू. सुमंत विष्णू! बँकेत खुर्चीवर बसून पोट असं सुटलंय की गरुड एका फेरीत दमेल. असो. वाण ते वाण.

नीरजानं पातेलं बघितलं. "आई, एवढे तांदूळ? जावई एकच आहे आपल्याला."

मी आणखी एक मूठ घातली. तिनं माझ्याकडे बघितलं, परत पातेल्याकडे बघितलं. ओळखलं असणार. तोंडाला पदर लावून आत गेली.

पण तांदूळ कमी नाही केले तिनं.

२७ जुलै

पलीकडची लीला ओट्यावर आली. "केयूरचं कुठे जमतंय की नाही हो काकू? वय होत चाललं."

मी म्हटलं, "तुझ्या ढुंढिराजचं जमवलंस तू, वाजतगाजत. सून कुठाय? माहेरी ना? आधी ती आण, मग माझ्या नातवाचं वय मोज."

गेली तणतणत. आत आले आणि दाराची कडी लावली, दिवसाढवळ्या. राग नव्हता तो. मला भीती वाटली – लीलेची! ह्या गल्लीत लोक मला भितात, मी नाही कोणाला भ्यायले. हे नवीनच.

२९ जुलै, शनिवार

अनारसे तळले. पहिला घाणा हसला, तुपात पडला की पसरून भुगा. दुसऱ्यापासून जमले. खसखस वर, जाळी छान. दोन डबे भरले.

बिंदू पाणी प्यायला आला. इतक्या दिवसांत माझ्याशी बोललेला नाही, पण डबे दिसले.

"दोन कशाला?"

"एक सुमंतचा. एक शेषूचा."

तांब्या हातातच राहिला. "आई, ते जावयाचं वाण आहे!"

"माहितीये. मीच तळलंय."

"शेषू जावई? म्हणजे आपण मुलीकडचे? केयूर काय मुलगी आहे आपली? द्यायचंच असेल तर त्यांनी द्यायचं! आपण मुलाकडचे आहोत!"

बोलला आणि थांबला. स्वतःचंच ऐकू आलं त्याला. कढईत तूप तेवढं तडतडत होतं. मी झारा खाली ठेवला.

"म्हणजे झालंय हे तुला कबूल आहे, बिंदू. भांडण नुसतं मान कोणाचा, याचं."

कान लाल झाले – लहानपणी व्हायचे तसे. दारात केयूर येऊन उभा राहिलेला, त्यानंही ऐकलं.

"आजी, इथे मुलीकडचं कोणीच नाही. दोघंही मुलंच आहोत."

"हो का! मग वाण कोणी कोणाला द्यायचं ते सांग. दोन्ही मुलाकडचे, दोन्ही ऐटीत पाटावर बसणार. वाढणार कोण? पाया कोण पडणार?"

इंजिनिअर! दाढी खाजवायला लागला.

बिंदू म्हणाला, "आधी त्यांनी द्यावं." तांब्या आपटून गेला. पाणी प्यायलाच नाही.

त्याला एकट्याला बोल लावत नाही. मुलाकडचं असणं काय असतं ते मला विचारा. बिंदूच्या लग्नात विहिणीच्या पंगतीला मी रुसून बसले होते, श्रीखंडात केशर कमी म्हणून. नीरजाची आई चांदीची वाटी घेऊन माझ्यामागे फिरली. काय बरं वाटलं होतं! ते सोडून आता डबा घेऊन दुसऱ्याच्या दारात जायचं, 'आमचं गोड मानून घ्या' म्हणायचं – या वयात. डब्याचं झाकण लावताना जड गेलं. लावलं.

३० जुलै, रविवार

धोंड्याचं जेवण झालं. सुमंतनं पाचव्या धोंड्यालाही नाही म्हटलं नाही.

वाण देताना नीरजा रडायला लागली. हातातल्या ताटातला दिवा हलत होता. सुमंतला वाटलं भक्तीनं! डोळे मिटून हात जोडून बसला, विष्णूसारखा. केयूर पंगतीच्या टोकाला, मान खाली. त्याच्या शेजारचा पाट रिकामा होता. कोणी मांडला होता कोणास ठाऊक. मी नाही मांडला.

इरावतीला सगळं माहीत आहे. नवऱ्याला सांगितलेलं नाही. "आजी, इंदूरच्या घरी कळलं तर मला ऐकून घ्यावं लागेल." सख्खी बहीण! मी म्हटलं, बरं आहे, तू अनारसे खा.

१ ऑगस्ट, मंगळवार

पौर्णिमा. बिंदू शाळेत गेला, मी डबा उचलला. बघते तर त्यावर नवा रुमाल बांधलेला, आत अनारशांवर तुपाची वात घातलेला दिवा. नीरजा पाठमोरी पोळ्या लाटत होती. मी काही विचारलं नाही, तिनं वळून बघितलं नाही.

केयूर म्हणाला, "मी येतो." म्हटलं, "नको. वाण द्यायला बाईमाणूस जातं." नावा बंद आहेत, पाणी चढतंय. मैदागिनपर्यंत चालत, पुढे टोटो, ती बॅटरीची रिक्षा. डबा मांडीवर. टोटोवाला म्हणाला, "माताजी, प्रसाद बा का?" म्हटलं, "तू समोर बघ."

हनुमान घाटाचं घर स्वच्छ. दारात तांदळाची रांगोळी, आत कोणीतरी वेद म्हणतंय, भिंतीलाही सूर लागलेला. शेषूची आई अलमेलू – नऊवारीसारखंच काहीतरी नेसते, काष्टा निराळा. हसून बसवलं. "आइए मौसीजी." कॉफी दिली, पितळेच्या पेल्यात. कडू. प्यायले.

शेषू आतल्या दारात उभा राहिला. नमस्कार केला, बोलला नाही. घरात हा असा! आमच्याकडे येऊन गजब गजब करणारा पोरगा, इथे खांबाला टेकून खांबच.

डबा दिला. तिनं रुमाल सोडला. एकदम खूश! "अरे, ये तो अदिरसम है!" त्यांच्याकडेही हेच करतात – तांदूळ, गूळ, तूप, तेच सगळं. म्हणाली, "हमारे यहाँ ये सीर में जाता है. लड़की वाले लड़के के घर ले जाते हैं, सजा के."

आणि मग दिवा दिसला तिला. आमच्या लोकांच्या शेजारात जन्म गेलेला, दिव्यासकट वाण कोणाला देतात ते तिला ठाऊक.

हसू कसं उतरतं चेहऱ्यावरून – पाणी ओसरल्यासारखं. माझ्याकडे बघितलं. दारातल्या शेषूकडे नाही बघितलं, मुद्दाम नाही बघितलं.

"ये किसके लिए है, मौसीजी?"

म्हटलं, "तुम्हारे लड़के के लिए. हमारी तरफ से."

आतलं वेदपठण चालूच होतं. तिनं झाकण लावलं. रुमाल परत बांधला, माझ्यापेक्षा नीट बांधला, गाठ मारली. डबा माझ्याकडे सरकवला.

"मौसीजी, मैं अंधी नहीं हूँ. माँ हूँ. लेकिन जब तक कोई बोला नहीं, मेरा बेटा इस घर में आता है, खाता है, सोता है. आप डिब्बे में रखके बोल दीं. ये ले जाइए." मग आवाज आणखी खाली. "कुंभकोणम से लड़की वाले आ रहे हैं, हमारा आडी महीना खतम होते ही. उसके अप्पा ने हाँ कर दी है."

मी शेषूकडे बघितलं. म्हटलं, "तू काही बोलतोस का?" मराठीत विचारलं, त्याला येतं.

बोलला नाही. डोळे भरले त्याचे. मला पाण्याचा काय उपयोग? गंगेत काय कमी आहे?

वाण परत! आयुष्यात ऐकलं नव्हतं. वाण नाकारत नाहीत, वैऱ्याचंही नाही. डबा घेऊन उठले. उठताना तिनंच हात दिला. तो मात्र घेतला.

२ ऑगस्ट

काल बिंदूनं डबा बघितला. परत आलेला. गाठ न सुटलेली. "काय झालं?"

सांगितलं. सगळं, कुंभकोणमच्या मुलीसकट. मला वाटलं म्हणेल, बरी जिरली.

"परत केलं?" ओरडला. "आपलं वाण परत केलं? कोण समजतात स्वतःला? काय कमी आहे केयूरमध्ये? शिकलेला, निर्व्यसनी, दिसायला चांगला! त्यांच्या त्या शेषूला साधं धड बोलता येत नाही चारचौघांत! घनपाठी असतील घरचे! आमचं घर काय रस्त्यावर पडलंय? कुठली अप्सरा मिळणार आहे कुंभकोणमला, केयूरपेक्षा चांगली?"

नीरजा हसली. पोळपाटावर हात टेकून हसली, दोन आठवड्यांत पहिल्यांदा. मग तिचं हसणं कुठे रडण्यात गेलं कळलंच नाही. केयूर जिन्यात उभा होता, बापाकडे बघत होता, जसा काही परका माणूस घरात शिरलाय आणि त्याच्या बाजूनं भांडतोय.

पण त्याचा चेहरा पांढरा पडलेला. कुंभकोणमचं त्याला माहीत नव्हतं. शेषूनं सांगितलंच नव्हतं.

अनारसे गाईला घातले. घरात खाववले नसते.

३ ऑगस्ट

बिंदूचा राग उतरला आणि अक्कलही. सकाळी नीरजाला म्हणतो, "एका परीनं बरंच झालं, त्यांनीच मोडलं. ग्वाल्हेरच्या त्या मुलीची पत्रिका काढ परत." केयूर तिथेच चहा पीत होता. कप ठेवला, उठला. माडीवर बॅग ओढल्याचा आवाज.

मी बिंदूला म्हटलं, "काल थोडा वेळ माणूस झाला होतास. दमलास का?"

६ ऑगस्ट, रविवार

गेला.

माझ्या पाया पडला. आईला घट्ट धरलं. बिंदू पूजेला बसलेला, दार अर्धं उघडं. केयूर दाराशी थांबला. आत घंटा वाजत होती – आरती कधीच संपली होती, घंटा थांबेना. वाजवतच राहिला. पोरगं थोडा वेळ उभं राहिलं आणि गेलं.

मग घंटा थांबली.

शेषूनं त्याच गाडीचं तिकीट काढलं होतं म्हणे. तो आला नाही. वडिलांनी थांबवलंय, मुलीकडचे येईपर्यंत. आणि तो थांबला! केयूर जाताना म्हणाला, "त्याला दोष देऊ नकोस, आजी. त्याच्या घरी बोलायची सवयच नाही कोणाला." म्हटलं, "सवय लागते रे. तुला कोणी लावली होती?"

९ ऑगस्ट

नीरजानं फोन केला. "जेवलास का?" – "हो." – "काय जेवलास?" – "भात." एवढंच.

त्याला रोज भात नको असतो.

१३ ऑगस्ट

पाणी खालच्या देवळाचा ओटा गिळून वर आलंय. घाटावरचे पंडे आपल्या छत्र्या घेऊन गल्लीत येऊन बसलेत.

दिवसभर ती बाई डोळ्यांसमोरून जात नाही. 'आप डिब्बे में रखके बोल दीं.' मला वाटलं होतं, वाण म्हणजे न बोलताच सांगणं, शहाणपणाचं. तिला ते ओरडण्यासारखं लागलं. तिनं पोराला गप्प राहून घरात ठेवलं होतं. आणि मी जाऊन दिवा लावला तिथे.

चूक केली असं म्हणत नाही. परत तीच वेळ आली तर परत नेईन डबा. पण ती मला वाईट बाई वाटत नाही, हाच त्रास आहे. वाईट असती तर सोपं होतं.

बिंदू जेवताना केयूरच्या जागेकडे बघतो. मी बघते हे दिसलं की वरण मागतो. वाटीत वरण असतं.

१६ ऑगस्ट, बुधवार

अधिक संपला. ग्वाल्हेरची पत्रिका टेबलावरच पडून आहे. काढली बिंदूनं, पण पुढे पाठवली नाही. आज तिच्यावर चष्मा ठेवला होता, काल चहाचा कप.

१७ ऑगस्ट

शेषूचं काही कळलं नाही. केयूर त्याच्याबद्दल बोलत नाही. नीरजानं विचारलं तर म्हणाला, "आई, उद्या त्याच्याकडे माणसं येणार आहेत. मला आज फोन करू नकोस, उद्याही नको."

नीरजा संकठामातेला गेली परत. या वेळी काय मागितलं सांगेना. म्हणाली, "नवस बदलला." एवढंच.

१९ ऑगस्ट, शनिवार

दुपारी दारात अलमेलूबाई. एकटी, घामाघूम, चपलासुद्धा नाहीत पायांत.

काल कुंभकोणमची माणसं आली होती. शेषूनं सगळ्यांसमोर मुलीच्या बापाला सांगितलं – केयूरचं नाव घेऊन सांगितलं. पाहुणे उठून गेले. त्याचे वडील तडक घाटावर गेले, त्या चढत्या पाण्यात उतरून जित्या पोराच्या नावानं आंघोळ केली, आणि ओल्या धोतरानं घरी येऊन म्हणाले, आपल्याला मुलगा नाही. शेषू निघून गेला. आता घरात त्याचं नाव घ्यायचं नाही, फोन करायचा नाही.

"मौसीजी, आपके लड़के से पूछ दीजिए. पहुँच गया क्या? बस इतना."

मी नीरजाला हाक मारली, केयूरला फोन लाव. तेवढ्यात आतून बिंदू आला. सगळं ऐकलं होतं त्यानं. मला धास्ती, आता हा काय बोलतो.

"विहीणबाई," म्हणाला, "दारात का उभ्या? आत या, बसा."

मराठीत बोलला, तिला कळलं नाही. माझ्याकडे वळली. "क्या कहा इन्होंने?"

"समधिन कहा."

ती आत आली. बसली.